ऑफिसचा व्हॉइसमेल नव्या सिस्टिमवर जातो, तेव्हा मागे कोण राहतं?

टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दादा, व्हॉइसमेल अजून कोण वापरतं?"

प्रश्न बरोबर होता. तो बावीस वर्षांचा, कॉलेजमधून थेट पुण्यात नोकरीला आलेला. त्याच्या फोनमध्ये रोज पन्नास व्हॉइस नोट्स येतात, पण बीप वाजल्यावर निरोप ठेवायचा हा प्रकार त्याने फक्त हॉलिवूडच्या सिनेमात पाहिलेला. आणि आमचं काम काय, तर एका अमेरिकन कंपनीच्या साधारण नऊशे कर्मचाऱ्यांचा व्हॉइसमेल जुन्या सिस्टिमवरून नव्या क्लाउड सिस्टिमवर हलवायचं. मी हसून म्हणालो, "अमेरिकेतली ऑफिसं वापरतात रे." ते उत्तर अर्धवट होतं हे मला पुढे दीड महिन्याने कळलं. त्याबद्दलच आज लिहितोय.

आत्ताच सगळे का हलवतायत?

आधी थोडा इतिहास. टेक्सासच्या गॉर्डन मॅथ्यूज यांनी १९७९ मध्ये व्हॉइसमेल यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८३ मध्ये त्यांना ते मिळालं. पुढची तीसेक वर्षं अमेरिका-युरोपातलं ऑफिस म्हणजे टेबलावरचा फोन आणि त्या फोनवरचा छोटा लाल दिवा. दिवा लागला म्हणजे कुणीतरी निरोप ठेवलाय.

मग ईमेल आला, चॅट आलं आणि कंपन्या हिशेब करायला लागल्या. डिसेंबर २०१४ मध्ये कोका-कोलाने अटलांटाच्या मुख्यालयातला व्हॉइसमेल बंद केला. जून २०१५ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेने ग्राहक विभागातल्या हजारो कर्मचाऱ्यांचा व्हॉइसमेल काढून टाकला. एका लाइनला महिन्याला साधारण १० डॉलर खर्च येत होता, आणि त्यातून वर्षाला ३० लाख डॉलरपेक्षा जास्त वाचणार होते. कोका-कोलाची बचत मात्र वर्षाला एक लाख डॉलरही नव्हती. म्हणजे तिथे पैशापेक्षा कामाची पद्धत बदलणं हेच मुख्य कारण होतं.

ज्यांनी बंद केला नाही, त्यांच्यावर आता वेगळी वेळ आलीय. बऱ्याच कंपन्यांचा व्हॉइसमेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमधल्या 'युनिफाइड मेसेजिंग' या सोयीवर चालायचा. २०१९ च्या आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने ही सोयच काढून टाकली. ती असलेली शेवटची आवृत्ती म्हणजे एक्स्चेंज २०१६, आणि तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सपोर्ट संपला म्हणजे सर्व्हर त्याच दिवशी बंद पडतो असं नाही. पण सुरक्षेचे अपडेट थांबले की असा सर्व्हर ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं. तिकडे ब्रिटनमध्ये तर तांब्याच्या तारांवरचं जुनं फोन नेटवर्कच ३१ जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे.

ही सगळी हलवाहलव प्रत्यक्ष करतं कोण? बऱ्याच वेळा हिंजवडी, खराडी, बंगळुरू, हैदराबादमध्ये बसलेली आमच्यासारखी मुलं-मुली. त्यामुळे 'आपल्याकडे व्हॉइसमेल नाही, आपल्याला काय करायचंय' असं म्हणू नका. तुमच्या पहिल्या नोकरीतलं पहिलं काम हेच असू शकतं.

जुनं आणि नवं, फरक काय?

जुन्या पद्धतीत ऑफिसच्या तळघरात किंवा सर्व्हर रूममध्ये एक एक्सचेंज असतं. तुम्ही फोन उचलला नाही की ते कॉल व्हॉइसमेलच्या सर्व्हरकडे वळवतं. सर्व्हर 'नमस्कार, मी आत्ता जागेवर नाही' वगैरे ऐकवतो, बीप देतो आणि आवाज साठवतो. टेलिफोनचा साधा आवाज म्हणजे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटचा. हिशेब करून बघा, एका मिनिटाला ४८० केबी होतात. एका फोटोएवढाही नाही.

निरोप साठवून झाला की सर्व्हर एक्सचेंजला कळवतो, 'या एक्सटेंशनला निरोप आहे, खूण दाखव.' मग दिवा लागतो. दिवा नसलेल्या साध्या फोनवर वेगळी युक्ती असते. रिसिव्हर उचलला की नेहमीचा सलग डायल टोन न येता सुरुवातीला तो तुटक-तुटक येतो. अडखळत वाजला की समजायचं, निरोप आहे. ही तुटक टोन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्या पद्धतीत निरोप क्लाउडमध्ये जातो आणि ईमेलमध्ये ऑडिओ फाइल म्हणून येतो. शिवाय बोललेलं मशीन लिहूनही देतं. मीटिंगमध्ये बसून वाचता येतं, शोधता येतं, पुढे पाठवता येतं. सोय उत्तमच आहे. फक्त लिहिलेल्यावर डोळे झाकून विसंबू नका. चाचणी करताना मी 'कात्रज' म्हणालो तर मशीनने 'कट रश' लिहिलं, त्यावर आम्ही हसलो. पण फ्लॅट नंबर 'फिफ्टीन' म्हटला आणि 'फिफ्टी' उमटलं, तेव्हा हसू आलं नाही. दुरुस्तीवाला भलत्याच दारात जाऊन उभा राहील.

काय हलतं आणि काय हलत नाही

'मायग्रेशन' म्हटलं की वाटतं, सामान टेम्पोत भरलं आणि नव्या घरात उतरवलं. पण व्हॉइसमेलचं प्रत्येक सामान वेगळं असतं.

• जुने निरोप: अनेकदा ते आपोआप नव्या सिस्टिममध्ये जात नाहीत. म्हणून जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवतात, ज्याला हवे त्याने ऐकून घ्यावेत.

• स्वतःच्या आवाजातलं स्वागत: बहुतेकांना ते पुन्हा रेकॉर्ड करावं लागतं. अर्धे लोक करतच नाहीत, मग फोन करणाऱ्याला कोरडा यांत्रिक आवाज ऐकू येतो आणि त्याला वाटतं, नंबर चुकला.

• पिन: नवा द्यावा लागतो. सुरुवातीचा पिन सगळ्यांना सारखाच दिला तर काय होतं ते खाली सांगतो.

• दिवा किंवा टोन: ही माणसाची सवय आहे, आणि सवयीचा बॅकअप कुठल्याच सर्व्हरवर नसतो.

• बेवारस मेलबॉक्स: म्हणजे असं एक्सटेंशन जे कुठल्याच एका कर्मचाऱ्याच्या नावावर नाही. गेटवरचा फोन, गोडाऊनचा फोन, रात्रीच्या तक्रारींचा फोन.

आमचा घोटाळा या शेवटच्या ओळीत झाला.

आमच्या एक्सेलमधली एक ओळ

ही अमेरिकन कंपनी भाड्याच्या इमारती सांभाळते. थंडीचा प्रदेश, जुन्या इमारती. आम्ही मायग्रेशनची यादी केली ती कर्मचाऱ्यांच्या यादीवरून. प्रत्येक नावापुढे ईमेल, प्रत्येक ईमेलपुढे एक्सटेंशन. जी एक्सटेंशन कुणाच्याच नावाशी जुळली नाहीत, ती मी वेगळ्या शीटमध्ये टाकली आणि पुढे लिहिलं, 'वापरात नसावीत, खात्री करावी.' क्लायंटच्या मॅनेजरने शीट पाहिली आणि 'ठीक आहे' असं उत्तर दिलं. त्यांनी किती बारकाईने पाहिली माहीत नाही. मीही परत विचारलं नाही.

त्यातलं एक एक्सटेंशन दुरुस्ती विभागाच्या खोलीतलं होतं. ऑफिस बंद झाल्यावर भाडेकरूंनी फोन केला की मेनू सांगायचा, 'दुरुस्तीसाठी ३ दाबा.' तीन दाबलं की निरोप या मेलबॉक्समध्ये. तो ऐकायचे दोन दुरुस्ती कामगार. त्यांना कंपनीचा ईमेल नव्हता, कारण प्रत्येक खात्याचे पैसे पडतात आणि पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरणाऱ्या माणसाला ईमेल कशाला, असा हिशेब. ते रोज सकाळी रिसिव्हर उचलायचे. टोन तुटक आली तर निरोप ऐकायचे, सलग आली तर चहा-कॉफी घेऊन कामाला.

आमचं गो-लाइव्ह तिकडे शनिवारी रात्री झालं, म्हणजे इकडे रविवारी सकाळी. घरात पोहे होत होते आणि मी लॅपटॉपवर डॅशबोर्ड बघत होतो. सगळं हिरवं. शंभर टक्के. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले.

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. नावावर असलेली एक्सटेंशन नव्या सिस्टिमकडे वळली. बेवारस एक्सटेंशन जुन्या सर्व्हरकडेच राहिली. जुना सर्व्हर तीस दिवस चालू ठेवायचा होता, त्यामुळे तो इमाने इतबारे निरोप घेत राहिला. पण लोकांना दोन-दोन खुणा दिसून गोंधळ होऊ नये म्हणून जुन्या सर्व्हरचं 'खूण दाखव' हे सिग्नल मीच बंद केलं होतं. म्हणजे निरोप येत होते, साठत होते, आणि टोन मात्र सलग वाजत होती. त्या दोघांना वाटलं, या आठवड्यात तक्रारी कमी आहेत.

अकरा दिवसांनी ऑफिसात एक पत्र आलं. कागदावर हाताने लिहिलेलं. एका वयस्कर भाडेकरू बाईंचं.

तिकीट माझ्याकडे आलं. मेलबॉक्स उघडला तर तेवीस निरोप, त्यातले सहा त्यांचे. फाइल खराब झाल्यात का हे बघायला सुरुवातीची काही सेकंदं ऐकावीच लागतात. पहिल्या निरोपात त्यांनी नाव, इमारत, फ्लॅट सगळं नीट सांगितलं होतं. झोपायच्या खोलीतला हीटर गार पडलाय, घाई नाही, पण उद्या जमलं तर बघा. दुसऱ्यात पुन्हा तेवढंच, जरा हळू, जणू आधी आपणच नीट बोललो नसू. चौथ्यात फक्त फ्लॅट नंबर. सहाव्यात त्या म्हणाल्या की आता परत फोन करत नाही, मुलीकडे राहायला जातेय.

हीटरचा एक व्हॉल्व्ह अडकला होता. माणूस गेल्यावर अर्ध्या तासात काम झालं.

कुणाचा जीव गेला नाही, कंपनीने माफी मागितली, तिकीट बंद झालं. तरी मला त्या सहा निरोपांमधली एक गोष्ट सोडवत नाही. त्या सहा वेळा का बोलल्या? कारण प्रत्येक वेळी मशीन त्यांना सांगत होतं, 'तुमचा निरोप नोंदवला आहे, आम्ही संपर्क करू.' फोन नुसता वाजत राहिला असता तर त्यांनी पहिल्याच रात्री दुसरीकडे कुठेतरी फोन केला असता. बीप म्हणजे समोरच्याला दिलेला शब्द असतो. आम्ही शब्द देणारं मशीन चालू ठेवलं आणि तो पाळणारी व्यवस्था बंद केली.

या हिशेबाने कोका-कोलाने जे केलं ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे फोन करणाऱ्याला सरळ ऐकू यायचं की नंतर प्रयत्न करा किंवा दुसऱ्या मार्गाने संपर्क करा. राग येईल, पण माणूस वाट बघत बसणार नाही. बंद व्हॉइसमेल चालेल, बेवारस व्हॉइसमेल नाही.

ब्रिटनने तारीख का पुढे ढकलली?

हे फक्त आमच्या टीमचं अपयश असतं तर मी ते गुपचूप गिळलं असतं. पण हीच चूक मोठ्या प्रमाणावर दिसते.

ब्रिटनमध्ये तांब्याच्या लाइन बंद करायची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती. त्या लाइनवर साध्या फोनशिवाय आणखी एक गोष्ट चालते, टेलिकेअर. म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाच्या गळ्यातलं बटण, जे दाबलं की मदत केंद्राला कॉल जातो. असे साधारण १८ लाख लोक तिथे आहेत. तांब्याच्या लाइनला वीज टेलिफोन एक्सचेंजमधून मिळते, त्यामुळे घरातली लाइट गेली तरी फोन चालतो. नव्या डिजिटल लाइनला घरातला राउटर लागतो. लाइट गेली, राउटर गेला, बटणही गेलं. शिवाय काही जुनी बटणं नव्या लाइनवर नीट चालतच नाहीत.

काही गंभीर घटना घडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने टेलिकॉम कंपन्यांकडून सक्तीची बदली थांबवण्याचं वचन घेतलं. मे २०२४ मध्ये मुदत जानेवारी २०२७ अखेरपर्यंत गेली. कंपन्यांकडे ग्राहकांची यादी होती. त्या ग्राहकांपैकी बटणावर अवलंबून कोण, याची यादी मात्र धड कुणाकडेच नव्हती.

आमच्याकडेही तेच. आमच्या यादीत मेलबॉक्सचे मालक होते, फोन करणारे नव्हते. फोन करणारा कधीच यादीत नसतो. त्याला ट्रेनिंगचा ईमेल जात नाही, त्याला सर्व्हे फॉर्म येत नाही, डॅशबोर्डवर त्याचा रंग नसतो.

सुरक्षेचं काय?

इथे मात्र तुमचा स्वतःचा फोन येतो. ब्रिटनचं 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडलं, ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणात. त्यात फार मोठं हॅकिंग नव्हतं. बऱ्याच लोकांनी कंपनीने दिलेला सुरुवातीचा पिन बदललाच नव्हता. चार आकडी पिन म्हणजे एकूण १०,००० शक्यता. त्यात १२३४ आणि जन्मसाल आधी करून बघितलं तर तेवढ्याही लागत नाहीत.

२०१८ मध्ये मार्टिन व्हिगो या संशोधकाने डेफ कॉन परिषदेत याची पुढची पायरी दाखवली. अनेक सेवा ओटीपी फोन करूनही सांगतात. तुम्ही फोन उचलला नाही तर तो ओटीपी व्हॉइसमेलमध्ये रेकॉर्ड होतो. ज्याला व्हॉइसमेलचा पिन कळला, त्याला तुमचं खातं उघडता येतं. त्यामुळे परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलात आणि सिमसोबत व्हॉइसमेल मिळाला, तर पहिलं काम पिन बदलणं. वापरणार नसाल तर बंदच करून टाका.

आणि एक गोष्ट आमच्या बाजूची. त्या बाईंना कुठे माहीत होतं की त्यांचा आवाज पुण्यातला एक मुलगा हेडफोन लावून ऐकणार आहे? काम म्हणून ऐकलं, गरजेपुरतंच ऐकलं, तरी मला संकोच वाटला. आपल्याकडे आता वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माणूस ओळखू येईल अशी आवाजाची डिजिटल फाइलही वैयक्तिक डेटाच आहे. त्यामुळे कोण ऐकू शकतं, किती दिवस ठेवायचं, कधी पुसायचं, हे मायग्रेशनच्या आधी ठरवा, नंतर नाही.

आपल्याकडे व्हॉइसमेल नाही, मग?

आपण व्हॉइसमेलला बगल दिली ती मिस्ड कॉलने. निरोप ठेवायला कॉलचे पैसे पडायचे, मिस्ड कॉल फुकट. 'पोचलो की एक रिंग देतो' हा आपला व्हॉइसमेल होता. मग ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आले आणि टाइप करायचा कंटाळा असलेली अख्खी पिढी बोलायला लागली. माझी आत्या दोन-दोन मिनिटांच्या नोट्स पाठवते, त्यात मागे कुकरच्या शिट्ट्याही असतात.

पण आपल्या ऑफिसांचा व्हॉइसमेल आज कुठे आहे? दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या मोबाइलमध्ये, सोसायटीच्या मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपमध्ये, गॅस एजन्सीच्या एका पोराच्या नंबरवर. तो पोरगा नोकरी सोडतो, नंबर घेऊन जातो, आणि लोक त्याच नंबरवर नोट्स पाठवत राहतात. दोन टिक दिसतात, माणसाला वाटतं पोचलं. बीपच ती, फक्त आवाज वेगळा.

म्हणून तुमच्या ऑफिसात, दुकानात किंवा सोसायटीत निरोपांची कुठलीही व्यवस्था बदलत असाल, तर आम्ही त्या प्रकरणानंतर पाळायला लागलो ते एवढंच:

१. यादी माणसांवरून करू नका, कॉलवरून करा. मागच्या तीन महिन्यांत बाहेरून कॉल कुठे-कुठे आले ते लॉगमध्ये बघा. कर्मचाऱ्यांच्या यादीत नसलेला पण रोज वाजणारा फोन लगेच सापडतो.

२. प्रत्येक बेवारस नंबरला एक माणूस नेमा. 'विभाग' नाही, माणूस. तो सुट्टीवर असेल तर दुसरा कोण, तेही लिहा.

३. ज्यांच्याकडे ईमेल नाही, त्यांच्याजवळ जाऊन विचारा की निरोप आल्याचं तुम्हाला कसं कळतं.

४. बदल झाल्यावर बाहेरच्या मोबाइलवरून, रात्री, स्वतः कॉल करून निरोप ठेवा. सकाळी कुणाचा फोन येतो का बघा. नाही आला, तर डॅशबोर्ड कितीही हिरवा असो, काम झालेलं नाही.

५. ऐकायला कुणी नसेल, तर रेकॉर्डिंग बंद करा आणि तसं स्पष्ट सांगा.

त्या नव्या मुलाला मी नंतर तेवीस निरोपांची ती शीट दाखवली. ऑडिओ नाही, फक्त तारीख, वेळ आणि सेकंद. त्याने सहा ओळींवरून बोट फिरवलं. पहिला निरोप ४१ सेकंदांचा होता, चौथा ७ सेकंदांचा. तो काही बोलला नाही. पण पुढच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने क्लायंटला विचारलं, "तुमच्याकडे रात्री फोन कोण करतं?"

तुमच्या ऑफिसात असा एखादा बेवारस नंबर आहे का? आज रात्री एक कॉल करून बघा.